कॅड सॉफ्टवेअरमधली इशाऱ्याची चिन्हं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅड म्हणजे संगणकावर ड्रॉइंग आणि डिझाइन काढण्याचं सॉफ्टवेअर. फोंडा, डिचोली, म्हापसा, पेडणे इथल्या लहान कार्यालयांत घरांची ड्रॉइंगं काढणारे, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत मशीनच्या भागांचं डिझाइन करणारे आणि आयटीआयमधून नुकतेच बाहेर पडलेले मुलगे-मुली यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न ऑटोकॅडचे आहेत, कारण गोव्यातल्या लहान कार्यालयांत अजून तेच जास्त चालतं. पण सॉलिडवर्क्स, फ्रीकॅड (दोन्ही त्रिमितीय भागांसाठी) आणि रेव्हिट (इमारतींसाठी) वापरणाऱ्यांसाठीही खाली उत्तरं आहेत. मेनूतली नावं आवृत्तीप्रमाणे थोडी इकडेतिकडे होतात, चिन्हांचा अर्थ मात्र सहसा बदलत नाही.

पिवळं चिन्ह आणि लाल चिन्ह यांत फरक काय?

लाल म्हणजे सॉफ्टवेअर अडलं. तुम्ही सांगितलेली गोष्ट त्याला करता आली नाही. पिवळं म्हणजे सॉफ्टवेअर पुढे गेलं, पण काहीतरी गृहीत धरून किंवा काहीतरी सोडून देऊन गेलं. म्हणजे ते खरं की खोटं हे तुम्ही ठरवायचं.

लोक लालला घाबरतात. मला पिवळ्याची जास्त काळजी वाटते. लाल चिन्ह असताना भागच तयार होत नाही, त्यामुळे कुणीतरी थांबून बघतंच. पिवळ्यासकट मात्र ड्रॉइंग छापलं जातं, सही-शिक्क्यानिशी पंचायतीत जातं, आणि चिरे रचून झाल्यावर चूक कळते.

ऑटोकॅडमध्ये मापाशेजारी पिवळं उद्गारचिन्ह का येतं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ऑटोकॅडमधलं माप साधारणपणे एखाद्या रेषेला, पॉलिलाइनला (जोडलेल्या रेषांच्या एकसंध साखळीला) किंवा कमानीला बांधलेलं असतं. भिंत सरकवली की माप आपोआप बदलतं. हे बांधलेपण तुटलं की त्या मापाशेजारी उद्गारचिन्ह येतं. खाली स्टेटस बारमध्ये ॲनोटेशन मॉनिटर नावाचं बटण आहे, अधिकच्या चिन्हासारखं दिसतं. हे चिन्ह तोच दाखवतो.

बांधलेपण तुटण्याची नेहमीची कारणं अशी : मूळ रेषा पुसून तिच्या जागी नवी काढली, फक्त माप कॉपी करून दुसरीकडे नेलं, भिंत तिथेच राहिली, किंवा मुळात डिमअसोक हे व्हेरिएबल, म्हणजे मापं बांधलेली असावीत की सुटी हे ठरवणारी सेटिंग, २ ऐवजी १ वर असताना मापं टाकली. हे व्हेरिएबल ड्रॉइंगबरोबर साठवलं जातं, त्यामुळे दुसऱ्या कार्यालयाकडून आलेल्या फाइलमध्ये तुमच्या नकळत ते १ असू शकतं. डिमअसोक ० असेल तर गोष्ट आणखी बिघडते. तेव्हा माप म्हणून काही उरतच नाही, नुसत्या सुट्या रेषा आणि अक्षरं उरतात, आणि त्यांवर चिन्हही येत नाही.

परिणाम काय होतो ते बघा. खोली ३६०० मिलिमीटरची होती. मालकाने सांगितलं, बाल्कांवाकडची (पुढच्या ओसरीकडची) भिंत ३०० ने पुढे घ्या. तुम्ही भिंत ओढली, खोली ३९०० झाली. माप सुटलेलं असेल तर ते अजूनही ३६०० च सांगत राहील, कारण ते आपल्याच जुन्या दोन बिंदूंमधलं अंतर दाखवतंय. गवंडी मोजपट्टी लावून ड्रॉइंगवरची रेषा मोजत नाही, तो आकडा वाचतो. त्याने तसंच करायला हवं.

मग ते दुरुस्त कसं करायचं?

त्या चिन्हावरच क्लिक करा. छोटा मेनू उघडेल, त्यातून माप पुन्हा जोडता येतं किंवा पुसून टाकता येतं. बरीच मापं सुटली असतील तर डिमरीअसोसिएट ही कमांड द्या, सगळी मापं निवडा, आणि पडद्याकडे नीट बघा. ऑटोकॅड एकेका मापाचा एकेक बिंदू दाखवत पुढे जातं. बिंदूवर नुसती फुली दिसली तर तो सुटलेला आहे. चौकोनात फुली दिसली तर तो आधीच जोडलेला आहे, एंटर मारून पुढे जा. सुटलेल्या बिंदूसाठी भिंतीचा खरा कोपरा ऑब्जेक्ट स्नॅपने, म्हणजे टोकं-कोपरे नेमके पकडणाऱ्या सोयीने, पकडा. घाईत अंदाजे क्लिक केलंत तर माप चुकीच्या कोपऱ्याला जोडलं जाईल आणि चिन्हही निघून जाईल. ही चूक मग कोणीच दाखवणार नाही.

जोडल्यावर आकडा बदलला तर लगेच त्या आकड्याचा विचार करा. जुना खरा होता की नवा, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चिन्हं बंद करून टाकली तर चालतं का?

ॲनोटेशन मॉनिटर बंद करता येतो. मापं मात्र सुटलेलीच राहतात. ड्रॉइंग समजावून सांगताना पडदा स्वच्छ हवा म्हणून तात्पुरता बंद करायला हरकत नाही.

ही चिन्हं प्रिंटमध्ये येतात का?

नाही. म्हणूनच कागदावर तपासणारा वरिष्ठ ती बघू शकत नाही, पडद्यावर काम करणाऱ्यालाच ती बघावी लागतात.

ड्रॉइंगवर एकही चिन्ह नाही. म्हणजे सगळं बरोबर?

नाही, आणि हे प्रत्येक नवशिक्याला मी आवर्जून सांगतो. सॉफ्टवेअरला फक्त तुटलेले संबंध कळतात. चुकीचा हेतू कळत नाही.

पहिलं उदाहरण हाताने लिहिलेल्या मापाचं. प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट ओव्हरराइड नावाची जागा असते. तिथे कुणी ३६०० टाइप केलं की रेषा कितीही लांब असो, माप कायम ३६०० दाखवतं. माप जोडलेलं आहे, चिन्ह नाही, आकडा खोटा. क्विक सिलेक्ट (अटीनुसार वस्तू निवडण्याची सोय) वापरून ज्या मापांत ही जागा रिकामी नाही ती शोधून काढा, आणि ती जागा रिकामी करा. शेजारी काही शब्द हवेच असतील तर आकड्याच्या जागी <> ठेवा, म्हणजे खरा आकडा येत राहतो.

दुसरं उदाहरण आपल्या गोव्यातलं. भूमापन खात्याचा ग्रामीण सर्व्हे प्लॅन १:१००० प्रमाणात असतो. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक मीटर. तो स्कॅन करून, चित्र म्हणून ड्रॉइंगमध्ये घेऊन, त्यावरून कुंपणाची रेषा गिरवली की रेषेची नुसती जाडी अर्धा मिलिमीटर धरली तरी जमिनीवर अर्धा मीटर इकडेतिकडे होतो. शिवाय फोटोकॉपीत कागद ताणलेला असतो तो वेगळा. अशा रेषेवरून सीमेपासून सोडायचं अंतर मोजलं तर ऑटोकॅड तुम्हाला मिलिमीटरपर्यंत अचूक उत्तर देईल आणि कसलाही इशारा देणार नाही. सीमा जागेवर मोजून घ्या.

मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसतात. फाइल बिघडली का?

फाइल ठीक असते, फॉन्ट नसतो. ऑटोकॅडचे जुने एसएचएक्स फॉन्ट रेघांनी बनवलेले असतात आणि त्यांत देवनागरी अक्षरंच नाहीत. तुमच्या टेक्स्ट स्टाइलला असा फॉन्ट लावलेला असेल तर ‘स्वयंपाकघर’ लिहिलं तरी प्रश्नचिन्हंच येणार. स्टाइल कमांड देऊन निर्मला यूआयसारखा युनिकोड फॉन्ट लावा, तो विंडोज ८ पासून सोबतच येतो. मंगल वापरत असाल तर विंडोज १० मध्ये तो ऐच्छिक पूरक फॉन्टांत गेला आहे, त्यामुळे तुमच्याकडे दिसतो आणि दुसऱ्याकडे दिसत नाही असं होतं.

प्रश्नचिन्हांऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसत असेल तर कारण वेगळं. तो मजकूर युनिकोड येण्यापूर्वीच्या पद्धतीने टाइप केलेला आहे. तो विशिष्ट फॉन्ट बसवल्याशिवाय तो वाचता येणार नाही. जुन्या कार्यालयांतल्या फाइली हमखास अशा असतात. असा मजकूर एकदाच युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर दर वेळी हाच त्रास.

फाइल उघडताना एसएचएक्स फॉन्ट सापडत नाही असा चौकट-संदेश आला तर बघितल्याशिवाय दुर्लक्ष करा हा पर्याय दाबू नका. पर्यायी फॉन्टची रुंदी वेगळी असते, मजकूर रेषांवर चढतो, आणि काही वेळा व्यासाचं किंवा अंशाचं चिन्ह गळून पडतं. बाहेर पाठवायचं ड्रॉइंग पीडीएफ करून पाठवणं आणि त्यातली जोडाक्षरं एकदा डोळ्यांनी वाचून बघणं हेच बरं.

क्षेत्रफळाच्या तक्त्यात आकड्याऐवजी #### आलं. काय झालं?

तो आकडा फील्ड आहे, म्हणजे एखाद्या पॉलिलाइनच्या क्षेत्रफळावरून आपोआप येणारा. ती पॉलिलाइन पुसली गेली की फील्डला उत्तर सापडत नाही आणि #### येतं. ---- आलं असेल तर उत्तर अजून उपलब्ध नाही एवढाच अर्थ. फील्डच्या मागे राखाडी पट्टा दिसतो तो इशारा नाही, तो छापलाही जात नाही. उलट तो दिसला की आकडा हाताने टाइप केलेला नाही याची खात्री होते.

गोवा जमीन विकास व बांधकाम नियमावली, २०१० प्रमाणे एफएआर (प्लॉटच्या तुलनेत एकूण बांधकामाचं क्षेत्रफळ) आणि कव्हरेज (इमारतीने व्यापलेला प्लॉटचा भाग) दाखवताना हे फील्ड फार उपयोगी पडतात, कारण भिंत हलली की तक्ताही बदलतो. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असेल तर क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये येतं, म्हणून फील्डच्या फॉरमॅटमध्ये रूपांतर-गुणक ०.०००००१ द्या. सबमिशनआधी रीजेन (पडद्यावरचं ड्रॉइंग नव्याने काढणारी कमांड) करून तक्ता पुन्हा वाचा.

सर्व्हेअरने पाठवलेली फाइल जोडली होती, आता तिथे नुसता एक मजकूर दिसतो.

तो मजकूर नीट वाचा, तो फाइलचा पत्ता आहे. जोडलेली फाइल, म्हणजे एक्सरेफ, त्या पत्त्यावर सापडली नाही. एक्सटर्नल रेफरन्सेसच्या पॅलेटमध्ये तिच्यासमोर ‘सापडली नाही’ अशी स्थिती आणि उद्गारचिन्ह दिसेल. तिथूनच नवा पत्ता द्या. ‘अनलोडेड’ म्हणजे कुणीतरी मुद्दाम उतरवून ठेवली आहे, ते बिघाडाचं लक्षण नाही. आणि काम करताना कोपऱ्यात फुगा येऊन ‘फाइल बदलली आहे’ म्हणाला तर सर्व्हेअरने किंवा सहकाऱ्याने तिच्यात बदल करून साठवलं आहे. रीलोड करा, नाहीतर तुम्ही कालच्या सीमेवर आजचं घर बसवत राहाल.

हा त्रास मुळातून टाळायचा तर प्रकल्पाच्या सगळ्या फाइली एकाच फोल्डरखाली ठेवा आणि पत्ता सापेक्ष ठेवा. ऑटोकॅड २०१८ पासून नवीन एक्सरेफ मुळातच सापेक्ष पत्त्याने जोडले जातात. पेन ड्राइव्हवरून थेट जोडलेली फाइल मात्र संध्याकाळी ड्राइव्ह काढला की हरवणारच.

सर्व्हेअरच्या त्याच फाइलवर काम करताना हॅच (बंद आकारात भरलेल्या रेघा) तुटक येतो, रेषा थरथरल्यासारख्या दिसतात.

कोऑर्डिनेट बघा. उपग्रहाधारित सर्व्हे बहुधा यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये स्थान सांगणाऱ्या पद्धतीत, असतो, आणि गोवा ४३ उत्तर या पट्ट्यात येतो. पणजीच्या आसपास ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर) साधारण ३.७ लाख मीटर आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर) १७ लाख मीटरच्या पुढे असतं. ही फाइल मिलिमीटरमध्ये आणली की नॉर्दिंगचा आकडा १७० कोटींवर जातो. संगणक दशांश मर्यादित जागेत साठवतो. शून्यबिंदूपासून इतकं दूर गेल्यावर बारीक गणितासाठी जागा उरत नाही, आणि हॅचपासून गोंधळ सुरू होतो. रेव्हिट तर २० मैलांपेक्षा जास्त पसरलेली भूमिती आणली की सरळ इशाराच देतं.

सर्व्हेची मूळ फाइल हलवू नका, ती तशीच राहू द्या. घराचं ड्रॉइंग वेगळ्या फाइलमध्ये, शून्याजवळ काढा आणि दोन्हींना समान असलेला एक खांब किंवा सीमादगड निवडून त्याचं यूटीएममधलं स्थान ड्रॉइंगवर लिहून ठेवा. सर्व्हे मीटरमध्ये आणि तुमचं काम मिलिमीटरमध्ये असेल तर दोन्ही फाइलींतलं इन्सयुनिट्स (एककाची सेटिंग) तपासा. ते चुकलं तर प्लॉट हजारपट लहान येतो, आणि तेव्हाही इशारा नसतो.

हॅच करताना लाल वर्तुळं आली.

तिथे दोन टोकं जुळलेली नाहीत, सीमा उघडी आहे. झूम करा, फिलेट (कोपरा जोडणारी कमांड) शून्य त्रिज्येने किंवा एक्स्टेंडने (रेषा वाढवणारी कमांड) टोकं जुळवा. वर्तुळं रीजेनने जातात. गॅप टॉलरन्स (किती फट चालेल याची मर्यादा) वाढवून हॅच बसवता येतो, पण उघडी भिंत उघडीच राहते आणि पुढे तिच्यावरून क्षेत्रफळ काढताना पुन्हा अडते.

लेयरसमोरचा हिमकण आणि कुलूप हे इशारे आहेत का?

नाही. हिमकण म्हणजे लेयर (ड्रॉइंगचा थर) गोठवलेला, कुलूप म्हणजे बदल करता येणार नाही, विझलेला दिवा म्हणजे बंद. तुटलेली पेन्सिल दिसली तर तुम्ही कामाच्या प्रतलाकडे कडेने बघत आहात, नजर फिरवा.

‘सही नसलेली प्रोग्राम फाइल’ असा सुरक्षेचा संदेश येतो. होय म्हणू का?

थांबा. हा संदेश लिस्प (ऑटोकॅडसाठी लिहिलेला छोटा प्रोग्राम) किंवा तत्सम प्रोग्राम लोड होण्याआधी येतो. कायम लोड करा, एकदाच लोड करा, लोड करू नका असे पर्याय असतात. जे लिस्प तुम्ही स्वतः लोड करायला निघाला होता, ज्याचा उगम तुम्हाला ठाऊक आहे, त्यालाच परवानगी द्या. नुसती डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या ड्रॉइंगची) फाइल उघडताना हा संदेश आला तर त्या फोल्डरमध्ये ॲकॅडडॉक डॉट एलएसपी किंवा ॲकॅड डॉट एलएसपी नावाची फाइल आहे का बघा. कॅडमधले व्हायरस वर्षानुवर्षं याच नावांनी फोल्डरमधून फोल्डरमध्ये पसरत आले आहेत. ‘लोड करू नका’ दाबा, फाइल काढा, आणि ज्यांच्याकडून फोल्डर आला त्यांनाही कळवा. सिक्युअरलोड ही सुरक्षेची सेटिंग शून्य करून संदेश बंद करण्याचा सल्ला काही जण देतात, तो ऐकू नका.

पावसात वीज गेली. आता फाइल ‘कुणीतरी वापरत आहे’ म्हणते किंवा उघडतच नाही.

फाइल उघडली की शेजारी डीडब्ल्यूएल आणि डीडब्ल्यूएल२ अशा लपलेल्या छोट्या फाइली तयार होतात, ड्रॉइंग कुणाकडे उघडं आहे याची नोंद म्हणून. वीज अचानक गेली की त्या मागे राहतात. नेटवर्कवर खरंच कुणाकडे उघडी नाही ना हे विचारून मगच त्या पुसा.

फाइलला रिकव्हरी हवी असा संदेश आला तर रिकव्हर कमांडने उघडा, मग ऑडिट (चुका शोधून दुरुस्त करणारी कमांड) करा. तरीही नाही जमलं तर त्याच फोल्डरमधली बीएके (आधीच्या प्रतीची) फाइल शोधा, तिची प्रत काढून शेवट डीडब्ल्यूजी करा. ऑटोसेव्हची फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये असते आणि तिचा शेवट एसव्ही$ असा असतो, तीही याच रीतीने उघडते. सेव्हटाइम (ऑटोसेव्ह किती मिनिटांनी व्हावा ही सेटिंग) मुळात १० मिनिटांवर असतो. जून ते सप्टेंबर तो ५ करा आणि यूपीएसची बॅटरी मृगाआधी तपासून घ्या.

‘ही फाइल ऑटोडेस्कच्या प्रोग्रामने साठवलेली नाही’ हा संदेश?

दुसऱ्या कॅड प्रोग्राममधून आलेली फाइल आहे, एवढंच. एकदा ऑडिट करा आणि कामाला लागा.

सॉलिडवर्क्सच्या झाडात सगळीकडे पिवळे त्रिकोण आणि लाल फुल्या आल्या. सुरुवात कुठून करू?

वरून. झाड म्हणजे भाग कसा बनला याची पायरीपायरीची यादी. ते वरून खाली बांधलं जातं, त्यामुळे वरचं एक स्केच बिघडलं की खालची दहा फीचर्स (पायऱ्या) ओरडतात. सगळ्यांत वरच्या चिन्हावर उजवं बटण दाबून ‘व्हॉट्स राँग’ उघडा आणि वाक्य पूर्ण वाचा. रोलबॅक बार (झाडाच्या तळाची सरकती पट्टी) त्या फीचरच्या खाली ओढा, तेवढंच दुरुस्त करा, मग बार एकेक पायरी खाली आणा. बहुतेक वेळा खालच्या फुल्या आपोआप निघून जातात. खालून सुरुवात करणारा माणूस चांगली फीचर्स पुसून बसतो.

स्केचचा रंगही बोलतो. निळं म्हणजे अजून मोकळं, काळं म्हणजे पूर्ण बांधलेलं. ज्या कडेला बांधलं होतं तीच नाहीशी झाली की तो संबंध लोंबकळतो आणि तपकिरी-पिवळसर दिसतो. नावाआधीचं (-) म्हणजे कमी बंधनं, (+) म्हणजे जास्त, (?) म्हणजे सुटत नाही. असेंब्लीत, म्हणजे अनेक भागांच्या जोडणीत, (f) म्हणजे तो भाग जागेवर खिळवलेला. नावानंतर -> असेल तर भाग दुसऱ्या भागावरून माप घेतो आहे, ->? असेल तर तो दुसरा भाग सध्या उघडलेला किंवा सापडलेला नाही. दुसऱ्या फाइलवर अवलंबून असलेला असा भाग टर्नरकडे पाठवण्याआधी ती फाइल उघडून रीबिल्ड करा. शंका असेल तर कंट्रोल आणि क्यू दाबा, मग सगळं झाड पहिल्यापासून बांधलं जातं.

बंधनं जास्त झाली की शेवटचं मेट (दोन भागांना जोडणारं बंधन) पुसायची सवय असते. दोष अनेकदा आधीच्या मेटचा असतो. मेट एकेक करून सप्रेस (तात्पुरतं बंद) करून बघा.

फ्रीकॅडमध्ये टिकखूण दिसते. म्हणजे बरोबर आहे ना?

उलट. त्या वस्तूचा हिशोब पुन्हा करायचा बाकी आहे, रिफ्रेश करा. लालवर पांढरं उद्गारचिन्ह म्हणजे चूक. नावावर माउस ठेवला की कारण दिसतं. साखळीचं चिन्ह म्हणजे स्केच कुठल्याही प्रतलाला किंवा पृष्ठाला जोडलेलं नाही. कधीकधी ते चालतंही.

जुन्या आवृत्त्यांत आधीचं स्केच जरा बदललं की पृष्ठांचे अंतर्गत क्रमांक बदलायचे आणि पुढचं सगळं भलत्याच पृष्ठाला चिकटायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत हे बरंच आटोक्यात आलं. आयटीआयच्या मुलांना माझा आग्रह आहे की शिकायला फ्रीकॅड घ्या. पैसे लागत नाहीत, आणि चिन्हं वाचायची सवय इथे लागली की ती सगळीकडे उपयोगी पडते.

रेव्हिटमध्ये शेकडो इशारे साठलेत. सगळे सोडवायचे?

आधी पैशांशी आणि क्षेत्रफळाशी संबंधित असलेले सोडवा. एकाच जागी दोन सारख्या वस्तू आहेत हा इशारा आला की एक दरवाजा दोनदा मोजला जातोय, तक्त्यात आणि पुढे अंदाजपत्रकातही. खोली नीट बंद नाही असं आलं तर तिचं क्षेत्रफळ मिळणार नाही. भिंती एकमेकींवर चढल्या असतील तर चिऱ्यांचं परिमाण फुगतं. भिंत अक्षापासून किंचित तिरकी हा इशारा लहान वाटतो, पण जुन्या घराच्या मोजमापात ती भिंत खरोखरच तिरकी असते. तिथे तो इशारा तसाच ठेवणं हेच बरोबर. मॅनेज टॅबवरून यादी बाहेर काढता येते. आठवड्यातून एकदा ती काढून दोघांनी मिळून वाचावी.

इशाऱ्याचं इंग्रजी कळत नाही. मदत मागताना काय पाठवू?

‘एरर येतोय’ एवढंच लिहू नका. संदेशातलं वाक्य जसंच्या तसं कॉपी करा. स्क्रीनचा फोटो मोबाइलने तिरका काढू नका, पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या, ज्यात झाड किंवा पॅलेटही दिसेल. सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि चिन्ह येण्याआधी शेवटी काय केलं ते लिहा. फाइल पाठवायची असेल तर ईट्रान्समिटने एक्सरेफ, चित्रं आणि फॉन्ट यांसकट बांधून पाठवा. नुसती डीडब्ल्यूजी पाठवली तर समोरच्याला तुमच्या इशाऱ्याआधी हरवलेल्या फाइलींचेच इशारे दिसतील.